पाठ

बैल बघायला गेलं की माझे आजोबा शिंगं, रंग, चाल यांतलं काही आधी बघत नसत. आधी खांद्यावर हात ठेवायचे. जू टेकतं तिथली कातडी हाताला कशी लागते, नुसती जाड, की ऊन, की ओलसर, यावरून बैलाचं वय कळो न कळो, मालकाचा स्वभाव कळतो, असं ते म्हणत. आमच्या साताऱ्याकडं बेंदराच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर ओढलेल्या त्या खांद्यांना लोणी-हळद लावून चोळायचं आणि दुसऱ्या दिवशी जू म्हणून ठेवायचं नाही. आई हे सांगायची तेव्हा ती गोष्ट मला गुरांची वाटायची. ती माणसांचीही आहे हे कळण्यासाठी माझ्या हातून एक चूक व्हावी लागली.

मामा आईपेक्षा दोन वर्षांनी मोठे. आई त्यांची पाठची. मराठा लाइट इन्फंट्रीत ते हवालदार होते. १९८६ साली पावसाळ्यात डोंगरातल्या एका वळणावर रस्त्याची कड खचली आणि त्यांची गाडी दरीत गेली. गोळी नव्हती, समोर शत्रू नव्हता, होती ती भिजून भुसभुशीत झालेली माती. कण्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर त्यांच्याशी बोलायचं थांबलं. वय सत्तावीस. “लढाईत लागलेल्याला कुणी विचारलं की तो गोष्ट सांगतो. मला विचारलं की मी माहिती सांगतो,” असं ते एकदा म्हणाले होते. हसतच म्हणाले होते.

काही महिने ते खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलात होते. जवळच कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. तिथलं व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल बघून आल्यावर मामा चार दिवस त्याच धुंदीत होते. शिवाय मुरलीकांत पेटकरांचं नाव होतंच. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून सुवर्णपदक घेऊन आला. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. “पेठ म्हणजे आपल्या शेजारचंच की,” असं मामा म्हणायचे, जणू त्या पदकाचा थोडासा भाग आपल्याही शिवारात पडला होता.

त्या खेळांचं मूळ एका अंथरुणात आहे, हे मला फार उशिरा कळलं. जर्मनीतून परागंदा झालेले लुडविग गटमान नावाचे डॉक्टर १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग बघू लागले. तोवर असे सैनिक बहुतेक मरायचेच. मोडलेल्या कण्यानं नव्हे, तर पाठीवर पडणाऱ्या जखमांनी आणि लघवीच्या मार्गातल्या पुवानं. गटमाननी दंडक घातला की दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. माणसं जगायला लागली. जगणाऱ्या माणसाला काहीतरी करायला हवं, म्हणून गटमाननी त्या सैनिकांच्या हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ ला सोळा जणांची स्पर्धा भरली आणि तिचंच पुढं पॅरालिंपिक झालं. म्हणजे आधी कूस आणि मग पदक.

आपण झोपेत रात्रभर तळमळतो, कूस बदलतो, पाय ओढून घेतो, ते कशासाठी हे मामांच्या पलंगाशेजारी झोपल्यावर मला समजलं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचेनासं होतं, आतून मुंग्यांची हाकाटी उठते आणि आपण न जागताच हलतो. शरीर आपल्या नकळत आपली राखण करत असतं. मामांच्या शरीरात तो राखणदार उरला नव्हता. माकडहाड, खुबा, टाच, घोटा, कुठंही आग लागली तरी त्यांच्यापर्यंत धूर पोचत नव्हता. त्यांच्या वतीनं ते दुसऱ्या कुणाला तरी जाणवावं लागे.

खडकीहून घरी आल्यावर वीस वर्षं ते आजीला जाणवलं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. रात्री तीन-चारदा ती आपोआप उठायची, चिमणी मोठी करायची, मामांना वळवायची आणि पुन्हा आडवी व्हायची. वाकळ चौघडी करून टाचेखाली कुठं ठेवायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती गेली. मग घरात वाटण्या झाल्या, पोरं पुण्या-मुंबईला गेली. २०१४ साली मामांसाठी एखादी संस्था शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी पुण्यात नोकरीला, शिकलेला, इंटरनेटवाला.

मी जी संस्था निवडली तिचं नाव इथं लिहीत नाही. अपंग माजी सैनिकांसाठीच होती. दारात तिरंगा, कडेनं चुना मारलेले दगड, आखलेली हिरवळ. फरशी अशी की तोंड दिसावं. रॅम्प मी टेपनं मोजला. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, हे मी वाचून गेलो होतो, आणि तो बरोबर भरला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दारं रुंद होती, उंबरठे नव्हते, विजेची बटणं खुर्चीतून हात पोचेल अशी होती. चारदोन रहिवाशांना विचारलं, कसं आहे इथं? सगळ्यांनी पाठ ताठ करून एकच उत्तर दिलं, “सब ठीक है, साब.”

ज्यांनी आयुष्यभर इन्स्पेक्शन दिलं त्यांना मी हा प्रश्न विचारत होतो. साहेब आला, बूट चमकले, बिछान्याला घडी नाही, “कोई शिकायत?” “नहीं साब.” तक्रार न करण्यासाठीच ज्यांना घडवलं त्यांच्या तोंडून तक्रार निघाली नाही, म्हणून मी खूश होऊन अर्ज भरला. त्या घरालाही तेच माहीत होतं. तिथल्या वस्तू तपासणीसाठी उभ्या होत्या, वापरासाठी नव्हत्या. व्हॉलीबॉलचं जाळं ताणलेलं होतं आणि त्याखालचं गवत कुणी तुडवलेलं नव्हतं. ते मला दिसलं होतं. मी त्याला टापटीप म्हणालो.

दहा आठवड्यांनी आई भेटायला आली. तिनं हिरवळ पाहिली नाही. मामांशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, “दादा, कुशीवर हो.”

मामा हलेनात. “काय बघायचंय?”

“पाठ.”

“शिपायानं पाठ दाखवायची नसती, ताई.”

“शत्रूला. मी पाठची हाय.”

तिनं चादर बाजूला केली. माकडहाडापाशी रुपयाएवढा काळपट डाग होता. तिनं आधी उलट्या हातानं ऊन लागतंय का ते पाहिलं, मग कडेनं बोट दाबत नेलं, आणि तिचं बोट थांबलं. अशा जखमा आत हाडापाशी सुरू होतात आणि कातडीवर शेवटी येतात. डॉक्टरांनी उघडली तेव्हा आत अक्रोड मावेल एवढी पोकळी होती. मामांना ती दुखली नव्हती. दुखली असती तरी ते बोलले नसते.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लावलेला होता. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, पुढं सही. आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एकाच कलात, एका बैठकीत भरल्यासारख्या. भिंतीवर दुपारचे दोन वाजले होते. तक्त्यात चारची कूस बदलून झाली होती.

जखम भरायला पाच महिने लागले. बराच काळ मामांना पालथं निजवावं लागलं. पालथ्या माणसाला खाली फक्त फरशी दिसते. मी शेजारी बसलो की ते म्हणायचे, “फरशी मात्र चांगलीय रे.” त्या इस्पितळातल्या फरशीबद्दल बोलत होते की आधीच्या, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी शोधायला आई बरोबर होती. टेप घरी राहिली. तिची तपासणी नाकापासून सुरू झाली. घाण वास येतो का हे मीही बघितलं असतं. ती फिनेलचा वास फार येतो का ते बघत होती, कारण फार फिनेल म्हणजे खाली काहीतरी झाकलंय. मग ती संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळेला व्हरांड्यात जाऊन बसली. जाणारा येणाऱ्याला काय सांगतो ते ऐकत होती. दोन ठिकाणी जाणाऱ्यानं फक्त किल्ल्या दिल्या. तिसऱ्या ठिकाणी तो म्हणाला, “चार नंबरनं पाणी कमी घेतलंय. सात नंबरची डावी टाच बघ.” आई माझ्याकडं वळून म्हणाली, “इथं आत जाऊ.”

आत मीही थोडं शिकून गेलो होतो. मान मोडलेला एक माणूस तिथं होता. त्याच्या सेवकाला विचारलं, याचं डोकं एकाएकी ठणकायला लागलं, घाम फुटला, तर काय करता? आधीच्या दोन्ही ठिकाणी उत्तर आलं होतं, गोळी देतो. हा पोरगा म्हणाला, “आधी बसतं करतो. मग नळी बघतो, कुठं दुमडलीय का, पिशवी भरलीय का.” एवढ्या वरच्या भागात कणा मोडलेल्या माणसाची लघवी तुंबली की ते त्याला समजत नाही, फक्त रक्तदाब चढत जातो, कधी जीव जाईपर्यंत. पोराच्या बोटांची नखं बारीक कापलेली होती. खुर्चीवर गादी म्हणून रबराचं कडं ठेवलेलं नव्हतं, कारण कडं मधला दाब कमी करून कडेचा वाढवतं. एकाच्या पाठीची लाली मी चोळून पाहायला लागलो तर पोरानं माझा हात धरला. “साहेब, तिथं चोळायचं नसतं. आतली कातडी फाटते.” खांदमळणीवर वाढलेल्या आईला हे नवीन होतं. तिनं मान डोलावली आणि लक्षात ठेवलं.

तिथलाही तक्ता पाहिला. तीन-चार रंगांची शाई, एके ठिकाणी चहाचा डाग, मंगळवारच्या रात्रीचा एक रकाना कोरा, आणि दुसऱ्या एका रकान्यात वेडंवाकडं लिहिलेलं: “झोपलेत, नको म्हणाले. तीनला बदलली.” मी आयुष्यात इतकं खरं सरकारी लिखाण वाचलं नव्हतं. तिथली फरशी दोन ठिकाणी फुटलेली होती.

मामा तिथंच आहेत. त्यांच्याकडं लांब दांड्याचा आरसा आहे. सकाळी अंघोळीनंतर स्वतःची पाठ स्वतः बघायची, हे तिथं सगळ्यांना शिकवतात. खुर्चीत असले की दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून धरतात, बोलता बोलता, टीव्ही बघता बघता. नवख्याला वाटतं की ते उठून निघालेत.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा त्यांच्या खांद्याला कळ होती, आरसा धरवत नव्हता. पोरगा जेवायला गेला होता. मामा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “तू बघतोस का?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पाठ दाखवली नव्हती. ते कुशीवर झाले. माकडहाडापाशी माझ्या चुकीची खूण होती, गुळगुळीत, लव नसलेली, पावसात घासलेल्या नाण्यासारखी.

“लाल दिसतंय?”

आमच्या सावळ्या कातडीवर लाली डोळ्यांना फसवते, हे आता मला माहीत होतं. मी उलटा हात ठेवला. ऊन नव्हतं. तळवा ठेवला, कडेकडेनं चाचपलं. टणक नव्हतं. आजोबांचा हात बैलाच्या खांद्यावर किती वेळ राहत असेल, कोण जाणे. माझा तिथंच राहिला.

मामा भिंतीकडं तोंड करून वाट बघत होते.

“लाव की हात,” ते म्हणाले.

“लावलाय, मामा.”