म्हातारा कामावर, तरुण अभ्यासिकेत : तुटवडा नेमका कशाचा?

आमची अभ्यासिका नवी मुंबईत ऐरोली-रबाळे पट्ट्यातल्या एका विहाराच्या वरच्या मजल्यावर आहे. चार ट्यूबलाइट, दोन पंखे, वर्गणीतून घेतलेली पुस्तकं आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पोलीस भरती, तलाठी, शिक्षक भरती, सगळ्या परीक्षांची पोरं-पोरी इथे रात्री अकरापर्यंत बसतात. रविवारी गणित आणि मराठी व्याकरण शिकवायला एक गुरुजी येत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्याच चळवळीतले. एक पैसा घेत नसत.

जुलै २०२३ मधल्या एका रविवारी तास संपल्यावर गुरुजी म्हणाले, "मला पुन्हा शाळेवर बोलावलंय. महिना वीस हजार देणार आहेत."

कुणीच काही बोललं नाही. समोरच्या बाकावर आमची एक ताई बसली होती. डी.एड. झालेली, त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली शिक्षक अभियोग्यता चाचणी दिलेली. निकाल लागून तीन महिने उलटले होते आणि भरतीचा पत्ता नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, ती जागा माझी आहे."

तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही. आजचा लेख त्याच वाक्यावर आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ७ जुलै २०२३ रोजी राज्य सरकारने निर्णय काढला : जिल्हा परिषद शाळांमधल्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरतं घ्यायचं, मानधन महिना २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७० वर्षे. कारण काय सांगितलं? शिक्षक कमी आहेत, भरतीला वेळ लागतोय, मुलांचं नुकसान नको. आता गंमत बघा. त्याच वेळी परीक्षा दिलेले दोन लाखांहून अधिक उमेदवार घरी बसले होते. त्यांना शिफारशीची यादी बघायला मिळाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. याला तुटवडा म्हणायचं?

पुढच्या वर्षी शिक्षकदिनीच, ५ सप्टेंबर २०२४ रोजी, दुसरा निर्णय आला. कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा मानधनावरच्या निवृत्त शिक्षकाला द्यायची, मानधन १५,००० रुपये. शिक्षक संघटना आणि उमेदवार रस्त्यावर उतरले आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. पण कमी पटाच्या शाळा कुठे असतात? वाड्या, पाडे, डोंगरवस्त्या. तिथे कुणाची मुलं शिकतात हे आम्ही सांगायला नको.

दुष्काळ पडला म्हणून विहीर आटणं वेगळं आणि विहिरीवर झाकण ठेवून पाणी नाही म्हणणं वेगळं. खरा तुटवडा आम्ही पाहिलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने दवाखाने भरले तेव्हा मुख्यमंत्र्यांनी निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले लोक यांना हाक दिली होती. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा लागल्या, त्या खाटांजवळ उभं राहायला माणूस हवा होता. तेव्हा साठीच्या माणसाने पुढे येणं ही माणुसकी होती, आणि आम्ही त्यांना सलाम केला. जपानमध्ये पासष्टीपुढच्या चार जणांतला एक जण आज काम करतो, कारण तिथे तरुणच कमी जन्मले. आपल्याकडे तरुण अभ्यासिकेत मावत नाहीत, तरी म्हातारा कामावर जातो. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

मग झाकण ठेवल्याने फायदा कुणाचा? कायम जागा भरायची तर बिंदुनामावली तपासावी लागते. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांच्या जागा आणि अनुशेष दाखवावा लागतो. निवृत्त माणसाला मानधनावर बोलावताना रोस्टर कुठे तपासला जातो? जागा रिकामी राहते, काम चालू राहतं आणि अनुच्छेद १६(४) कागदावर सुखरूप राहतो. आरक्षण रद्द करायला कायदा बदलावा लागतो, वाद होतो, मोर्चे निघतात. आरक्षणाची जागाच न भरणं याला काहीच लागत नाही.

एवढं कळल्यावर आमचं रक्त तापलं. त्याच रात्री आम्ही फलक लिहिला : "पेन्शनवाल्यांनो घरी बसा, आमच्या नोकऱ्या सोडा!" आणि विहाराच्या फाटकावर लावला.

इथे आम्ही चुकलो. ते कबूल केल्याशिवाय हा लेख पुढे जाऊ शकत नाही.

आमच्या विहारात एक काका रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कंपनीत त्यांनी हयात घालवली. २०१३ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आता एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत, बारा तास. त्यांनी फलक वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पोरांनो, मी पण घरी बसू का? मग घरभाडं कोण देणार?"

काकांची पेन्शन दोन हजारांच्या आत आहे. आम्हाला आधी खरं वाटलं नाही. मग त्यांनीच पाठीमागच्या फळ्यावर हिशोब मांडून दाखवला. ईपीएस-९५ चं सूत्र असं : पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. योजना सुरू झाली नोव्हेंबर १९९५ मध्ये. तेव्हापासूनची काकांची वर्षं भरली अठरा. पगार कितीही असला तरी त्या काळात मर्यादा ६,५०० रुपयांची. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. आधीच्या नोकरीबद्दल थोडी भर. झालं! सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली आणि ती ७,५०० करा म्हणून हे म्हातारे वर्षानुवर्षं आंदोलन करताहेत.

म्हणजे आमच्या एकाच फलकाने दोन वेगळ्या माणसांना एका काठीने हाणलं होतं. गुरुजींना जुनी पेन्शन आहे, महिना पस्तीस हजारांच्या आसपास. ते कामावर गेले तर हौसेने, गरजेने किंवा मुलांच्या ओढीने जातील, पण उपाशी राहतील म्हणून नाही. काका गेटवर उभे आहेत ते दुसरा रस्ताच नाही म्हणून. दोघांनाही सरकारी भाषेत 'पेन्शनर' म्हणतात.

काकांना कामावर ठेवणारा ठेकेदारही तेच म्हणतो, "माणसं मिळत नाहीत हो!" आम्ही आमच्यातल्या पोरांना विचारलं. दोघांनी ती नोकरी करून सोडली होती. बारा तास उभं राहायचं, आठवड्याची सुट्टी नाही, गावी गेलं की पगार कापला. तुटवडा माणसांचा नाही, मित्रांनो. या पगारात, या अटींवर मुकाट राबणाऱ्या माणसांचा तुटवडा आहे. तो भरून काढायला पोटाला चिमटा बसलेला म्हातारा सोयीचा पडतो. तो युनियन करत नाही, भांडत नाही, कारण त्याला उद्याची खात्री नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९३६ चा त्यांचा पहिला पक्ष स्वतंत्र मजूर पक्ष होता, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि विसरतो. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा पुढे नेला, तो १९४६ मध्ये झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यांनी विमा सरकारच्या हाती द्यावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा, अशी मागणी मांडली. कुणाचंही आयुष्य नशिबावर आणि मालकाच्या दयेवर सोडायचं नाही, ही ती दृष्टी होती. संविधानाचा अनुच्छेद ३९ सांगतो, आर्थिक गरजेपोटी कुणालाही आपल्या वयाला किंवा ताकदीला न झेपणाऱ्या कामात जावं लागू नये. अनुच्छेद ४१ कामाचा हक्क आणि म्हातारपणी सरकारी साहाय्य या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात घेतो. म्हणजे तरुणाचं काम आणि वृद्धाची विश्रांती हे एकमेकांचे शत्रू नाहीत. ती एकाच राज्याची दोन कर्तव्यं आहेत. आणि १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

आम्ही फलक उतरवला. नवा लिहायला आठवडा लागला, कारण भांडण झालं. काहींचं म्हणणं, गुरुजींनी नकार द्यायलाच हवा. गुरुजी म्हणाले, "त्या शाळेत चौथीपर्यंतच्या पोरांना वर्षभर शिक्षक नाही. ती आपल्याच लोकांची पोरं आहेत. मी तत्त्वासाठी घरी बसलो तर त्यांचं दुसरं वर्षही बुडणार." ताई म्हणाली, "आणि तुम्ही गेलात तर सरकार म्हणणार, बघा, भागतंय की!" दोघांचंही खरं होतं. आम्ही मत दिलं नाही, आम्हाला देता आलं नाही.

गुरुजी गेले. पण दर महिन्याच्या एक तारखेला त्यांनी एक अर्ज दिला : ही जागा कायम शिक्षकाने भरा, मी सोडायला तयार आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नवा शिक्षक आला आणि गुरुजी परत रविवारी आमच्याकडे येऊ लागले. ताईचं नाव त्या यादीत नव्हतं. ती अजून त्याच बाकावर बसते. काका अजून गेटवर आहेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मंजूर जागेवर निवृत्ताची नेमणूक बंद करा, भरती वेळापत्रकाने आणि रोस्टरने करा. आपत्तीत बोलवावं लागलंच तर मुदत आधी लिहा आणि ती पाळा. ईपीएसची पेन्शन जगता येईल इतकी करा. सुरक्षारक्षकाला आठ तास आणि साप्ताहिक सुट्टी द्या.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीत, आपल्या विहारात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला एकदा विचारा, पेन्शन किती मिळते? फळ्यावर हिशोब मांडा. शत्रू कोण ते त्या फळ्यावर दिसेल, मग फलक लिहा.

आमच्या फाटकावर आता हा फलक आहे : "काकांना पेन्शन द्या, ताईला नोकरी द्या!"

जय भीम! जय संविधान!