पाच रेघा

भाचीनं पुण्याहून चॉकलेटं आणली. मीरा बडवे यांच्या ‘निवांत अंध मुक्त विकासालया’तल्या दृष्टिहीन मुलांनी केलेली. खाता खाता मनात आलं, गल्ल्यावर बसलेला दृष्टिहीन माणूस नोट कशी ओळखत असेल?

डोळे मिटून पाचशेची नोट चाचपली. कडेला पाच तिरक्या, उठावदार रेघा. शंभराच्या नव्या नोटेवर चार. जुनी नोट घेतली, तर रेघा झिजून गेलेल्या. बोटांना काहीच कळेना. जीव कासावीस झाला. रिझर्व्ह बँकेचं २०२० सालचं ‘मनी’ ॲप नोट कितीची ते बोलून सांगतं, तेवढाच आधार.

आपल्या चाकूरच्या स्टँडवर दृष्टिहीन मुलांनी चहाचं हॉटेल काढलं, तर पहिलं गिऱ्हाईक मीच. तुम्हीही या. पैसे देताना नोट कितीची आहे, ते तोंडानं सांगा.