आले, म्हणजे कधी?

गॅसवर दूध ठेवलेले असते, दारावर भाजीवाली हाक मारते आणि आपण आतूनच ओरडतो, ‘आले, आले!’ खरे तर आपण ओट्यापासून हललेलोही नसतो. तरी भाजीवाली आपल्याला खोटारडी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र असेच बोलले, की आपण अडाणी ठरतो. हे मला गेल्या पावसाळ्यात कळले, आणि चांगलेच लागले.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात चौथीला आहे. पालकसभेत बाईंनी विचारले, ती सोमवारी का आली नव्हती? इंग्रजीतच विचारले. मीही धीर करून म्हटले, ‘शी डिडन्ट केम. फीव्हर केम.’ बाई हसल्या नाहीत, पण मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसले. मुलीने मान खाली घातली. घरी येताना ती हळूच म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी पप्पांना पाठव ना.’

मी बी. ए. झालेली. तासिका तत्त्वावर का होईना, पण मराठी शिकवते. त्या रात्री मला घास गोड लागला नाही. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. आमची तुकडी त्याआधीची, म्हणजे इंग्रजीची भीती आम्हांला अगदी खरोखर पाचवीला पुजलेली! ‘गो, वेन्ट, गॉन’ पाढ्यासारखे पाठ केले, पण कुठे काय वापरायचे ते डोक्यात शिरलेच नाही. ह्यांना विचारले, तर म्हणाले, ‘अगं, मी तरी कुठे विलायतेत शिकलो?’

शेवटी मुलीचे व्याकरणाचे पुस्तक घेऊन दुपारी मीच बसले. तेवढ्यात सासूबाई फोनवर बहिणीला विचारत होत्या, ‘काय करी राहिनी वं?’ म्हणजे, काय करते आहेस? आमच्या पिंपळनेरला घराघरांत अहिराणी चालते, हा प्रश्न मी रोज ऐकते. पण त्या दिवशी कान टवकारले. ‘राहिनी’ म्हणजे ‘राहिली’. रूप भूतकाळाचे, पण विचारणे आत्ताचे! मग मीच वर्गात शिकवते ते आठवले : ‘तू पुढे हो, मी आलेच’ यात क्रियापद भूतकाळी, पण अर्थ लवकरच होणाऱ्या गोष्टीचा. क्रियापदाचे रूप आणि घड्याळातली वेळ हातात हात घालून चालतातच असे नाही. प्रत्येक भाषेची वाटणी वेगळी. मी चुकत होते, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर मराठीची वाटणी इंग्रजीत नेत होते म्हणून.

मग वहीत दोन रकाने आखले. आपण ‘दमले’ म्हणतो, इंग्रजी म्हणते ‘आय अ‍ॅम टायर्ड’. आपण ‘समजलं’ म्हणतो, ते ‘आय अंडरस्टँड’. ‘तिने फ्रॉक घातलाय’ याचे ‘शी इज वेअरिंग अ फ्रॉक’. पहिल्या दोहोंत आपला भूतकाळ, तिसऱ्यात पूर्ण वर्तमानकाळ; त्यांचा मात्र तिन्हीकडे साधा किंवा चालू वर्तमानकाळ. ‘मी शाळेत जाते’ हे आपण रोजचेही सांगतो आणि चप्पल पायात सरकवतानाही म्हणतो. इंग्रजीत रोजचे ते ‘आय गो’, आत्ताचे ते ‘आय अ‍ॅम गोइंग’. ‘मी कालच आलेय’ हे आपल्याला चालते. पण त्यांना ‘येस्टर्डे’ म्हटले की ‘हॅव कम’ चालत नाही, तिथे नुसते ‘केम’च हवे.

आणि माझा तो ‘डिडन्ट केम’? आपल्या ‘आली नाही’ मध्ये ‘आली’ तसेच राहते, म्हणून मीही ‘केम’ तसेच ठेवले. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’मध्येच येऊन जातो, मग क्रियापद मूळ रूपात. वरणात मीठ एकदाच घालायचे, तसे. ‘डिड’मध्ये पडले, की ‘कम’मध्ये पुन्हा टाकायचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मुलगी गृहपाठ करताना अडली. ‘शी डिडन्ट वेन्ट’ लिहून खोडत होती. मी पोळ्या लाटता लाटता म्हटले, ‘वरण खारट झालं बघ.’ तिला काही कळेना. मग मिठाची गोष्ट सांगितली, तशी ती हसली आणि ‘वेन्ट’ खोडून ‘गो’ लिहिले. पुढची चार वाक्ये तिने न विचारता बरोबर केली.

मैत्रिणींनो, मला आजही फर्डे इंग्रजी येत नाही. बोलताना अडखळते, पण कुठे अडले ते कळते, म्हणून लाज वाटत नाही. मुलांसमोर ‘मला नाही येत बाई’ म्हणून उठून जाण्यापेक्षा त्यांच्याच पुस्तकाशी रोज पंधरा मिनिटे बसावे.

त्या शनिवारी पुन्हा पालकसभा होती. हे कामावर निघाले होते. मुलगी दाराशी उभी राहून ओरडली, ‘आई, तूच चल. चल ना लवकर!’

‘आले, आले!’ मी आतून म्हटले.

अजून साडीसुद्धा बदलायची होती.