कड्याखालची छावणी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्या राज्यात सिएरा नेवाडा ही पर्वतराजी पसरलेली असून तिच्या कुशीत योसेमिटी नावाची एक रमणीय दरी आहे. दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटचे उभे कडे, त्यांवरून झेपावणारे शुभ्र प्रपात आणि तळाशी कुरणांमधून संथ वाहणारी मर्सेड नदी, असे तिचे रूप आहे. अहवानीची नावाचे लोक पिढ्यानुपिढ्या तेथे राहत होते. १८५१ मध्ये सैनिकांनी त्यांना बळाने हुसकावून लावले. पुढे दरीची कीर्ती दूरवर पसरली आणि प्रवासी तेथे येऊ लागले. १८९० मध्ये योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु तेथील हॉटेलांत उतरणे सामान्य माणसाला जड जात असे.

ही अडचण एका शिक्षक दांपत्याने ओळखली. डेव्हिड करी आणि त्यांच्या पत्नी जेनी हे दोघेही अध्यापन करीत. १८९९ च्या उन्हाळ्यात त्यांनी दरीतील एका उंच कड्याच्या पायथ्याशी अवघे सात तंबू ठोकले आणि पाहुण्यांना बोलाविले. दिवसाला दोन डॉलर दिले म्हणजे निवारा आणि जेवण मिळे. पगारी नोकर म्हणून एक स्वयंपाकीण होती. बाकीची कामे महाविद्यालयीन विद्यार्थी करीत आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना सुट्टीचे दिवस दरीत घालविता येत. शिधासामग्री मर्सेड गावाहून घोड्यांच्या गाड्यांतून आणावी लागे. सुमारे शंभर मैलांची ती वाट जाऊन येऊन पार करावयास दोन आठवडे लागत. एवढे सायास असूनही त्या पहिल्याच हंगामात सुमारे २९० पाहुणे येऊन राहिले.

छावणी वाढली, पण तिचे घरगुती वळण सुटले नाही. जेनीबाई मुदपाकखान्यापासून अंथरुणापांघरुणापर्यंत सर्वत्र जातीने लक्ष घालीत. पाहुणे त्यांना प्रेमाने ‘मदर करी’ म्हणत. डेव्हिड यांचा आवाज असा खणखणीत होता, की ग्रीक महाकाव्यातील स्टेंटॉर या पन्नास माणसांचा आवाज असलेल्या दूताचे नाव त्यांनी स्वतःस लावून घेतले होते. निघालेल्या पाहुण्यांना ते दीर्घ स्वरात निरोप देत. रोज संध्याकाळी शेकोटीभोवती सारे जमत. गाणी होत, गोष्टी होत.

या छावणीची सर्वांत गाजलेली परंपरा म्हणजे ‘अग्निप्रपात’. छावणीच्या माथ्यावर, सुमारे ३,२०० फूट उंचीवर, ग्लेशियर पॉइंट नावाचे टोक आहे. जेम्स मॅकॉली नावाच्या गृहस्थाचे तेथे एक उपाहारगृह होते. तो १८७० नंतरच्या काळात कधी कधी टोकावर शेकोटी पेटवून तिचे निखारे खाली लोटीत असे. ही प्रथा बंद पडली होती. करी यांनी तिला पुन्हा जीवदान दिले. दिवसा कड्यावर फर वृक्षाच्या सालींचा ढीग रचीत. रात्री त्याचे लालबुंद निखारे झाले म्हणजे खालून साद जाई, “आग पडू द्या!” वरून उत्तर येई आणि माणसे लांब दांड्यांनी निखारे हळूहळू पुढे सारीत. काळ्या कड्यावरून जणू सोन्याची धार ओघळे. खाली बसलेला समुदाय निःशब्द होई.

सरकारने १९१३ मध्ये ही प्रथा थांबविली. १९१७ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली; पण त्याच वर्षी डेव्हिड निवर्तले. जेनीबाई खचल्या नाहीत. मुलांच्या साहाय्याने त्यांनी छावणीचा भार वाहिला. १९२५ मध्ये करी कुटुंबाचा व्यवसाय व दरीतील दुसरी एक कंपनी एकत्र झाल्या. १९४८ मध्ये जेनीबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली, तरी अग्निप्रपात चालूच राहिला.

आता मात्र वेगळेच संकट उभे राहिले. मोटारींची संख्या वाढली होती. आग पाहण्यासाठी हजारो लोक संध्याकाळी दरीत दाटी करीत. रस्ते तुंबत, कुरणे तुडविली जात. ज्या सौंदर्यासाठी माणसे येत, तेच त्यांच्या पावलांखाली चिरडले जाऊ लागले. शिवाय निखाऱ्यांची ती धार माणसाने रचलेली करमणूक होती. दरीचे स्वतःचे वैभव तिच्याहून थोर होते. अखेर उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ही प्रथा बंद केली. २५ जानेवारी १९६८ रोजी शेवटचा अग्निप्रपात झाला. जुन्या पाहुण्यांना हळहळ वाटली आणि ती स्वाभाविकही होती. लहानपणी आईबापांच्या मांडीवर बसून पाहिलेला तो सोहळा त्यांना आपल्या मुलांना दाखविता येणार नव्हता.

१९७३ पर्यंत छावणीची मालकी कुटुंबाबाहेर गेली. कड्याखाली तंबूंच्या रांगा आजही आहेत आणि त्या जागेला अजून करी यांचेच नाव आहे. दरीत निसर्गाचाही एक अग्निप्रपात आहे. फेब्रुवारीत काही दिवस, आकाश निरभ्र असले आणि हॉर्सटेल नावाच्या धबधब्याला पाणी असले, तर मावळतीच्या किरणांनी तो पेटल्यासारखा दिसतो. तेथेही इतकी गर्दी लोटली, की नदीचे काठ तुडविले गेले आणि उभे राहण्याच्या जागांवर निर्बंध घालावे लागले.

करी कुटुंबाने हजारो सामान्य माणसांना दरीचे दार उघडून दिले, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु ती भूमी त्यांच्या मालकीची नव्हती. सरकारी परवानगीने ते तेथे राहत. अशा ठिकाणी यजमानसुद्धा पाहुणाच असतो. पाहुण्याने घरात आनंदाने वावरावे, पण निघताना घर जसे होते तसेच ठेवून जावे. परंपरा प्रिय असते, म्हणूनच ती सोडणे कठीण जाते. परंतु जिच्यामुळे घरालाच इजा पोहोचते, ती परंपरा सोडण्यातही घरावरचे प्रेमच दिसते.