पडद्यामागून

आगाशीतल्या आमच्या आळीत गणपतीत पडद्यावर सिनेमा दाखवत. दोन बांबू रोवून मध्ये पांढरं कापड ताणायचं, प्रेक्षकांच्या मागे खुर्चीवर प्रोजेक्टर. समोरची जागा मोठ्यांनी आधीच सतरंज्या टाकून धरलेली असायची. आम्ही पोरं मग पडद्याच्या मागच्या बाजूला, केळीच्या वाडीच्या कुंपणाला टेकून बसायचो. कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, कमरेचं पिस्तूल उलट्या बाजूला. 'जंजीर' मी असा पाहिला. सिनेमा १९७३ चा, आमच्याकडे पोचायला दोनेक वर्षं गेली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पोलीस ठाण्यात शेरखान बसायच्या आत इन्स्पेक्टर विजय खन्ना त्याची खुर्ची लाथेने उडवतो, तेव्हा समोरून टाळ्या आल्या आणि मागून आमच्या शिट्ट्या. प्रामाणिक पोलीस म्हणजे काय ते त्या रात्री माझ्यापुरतं ठरून गेलं. जो कुणाला भीत नाही आणि ज्याचा हात जड, तो.

पण पोलिसाची मागची बाजू मला रोजच दिसत होती. आमच्या घराला लागून हवालदारकाकांचं घर. ते मुंबईत नोकरीला. पहाटे अंधारात एसटीने विरार आणि तिथून लोकल. घरी यायला कधी रात्र, कधी बंदोबस्त लागला की तिसरा दिवस. काकू दर रविवारी ओसरीवर बसून त्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेच्या कोळाने घासायच्या, मग राखेने, मग कोरड्या फडक्याने. निळी हाफपँट दोरीवर वाळत असायची, पिवळी टोपी खुंटीला. पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला घर नव्हतं. काकांना होतं, आणि त्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर डाळ पातळ व्हायची.

थंडी सुरू झाली की आमच्याकडे सुकेळीचा हंगाम. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात दिवसचे दिवस वाळवायची, संध्याकाळी दव पडायच्या आत आत घ्यायची. केळं हळूहळू आकसतं, मधासारखा रंग धरतं, मग केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून त्याच्या पुड्या बांधायच्या. आगाशीची सुकेळी म्हणजे पाहुण्याला द्यायची वस्तू. एका वर्षी गावातल्याच एका बागायतदाराचा पुतण्या मुंबईत काकांच्याच ठाण्याच्या हद्दीत मारामारीत सापडला. दुसऱ्या संध्याकाळी बागायतदार सुकेळीच्या चार पुड्या काकांच्या ओटीवर ठेवून गेले. पैसे नव्हते, धमकी नव्हती, शेजारधर्मच म्हणायचा. रात्री काका आले, पुड्या पाहिल्या आणि जेवायच्या आधी कंदील घेऊन त्या परत द्यायला निघाले. मी बरोबर होतो. बागायतदारांच्या दारात ते म्हणाले, "दादा, केस मिटू दे. मग मी स्वतः मागून खाईन." परत फिरले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी जामिनाला कोणते कागद लागतात, जामीनदार कसा लागतो, कोर्टात किती वाजता पोचायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. कुणाला लाथ बसली नाही, शिट्टी वाजली नाही. मी अकरा-बारा वर्षांचा. मला त्यात काही मोठं वाटलं नाही.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या पोलीस शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला. गिरणी संप चालू होता, त्यात हे. लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवसांत काका घरी आले की बोलत नसत. काकूंनी बक्कल घासणं मात्र सोडलं नाही.

पुढच्याच वर्षी 'अर्धसत्य' आला. सिनेमा हिंदी, पण त्याचं हाडमांस मराठी. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. दिलीप चित्रे यांची कविता सिनेमाच्या मधोमध येते आणि चक्रव्यूहात शिरलेला माणूस आपल्याला त्यानंतर वेगळाच दिसू लागतो. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर झालेल्या ओम पुरींना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी एकोणीस वर्षांचा होतो. काकांना आग्रह करकरून घेऊन गेलो. वाटलं, त्यांचाच सिनेमा आहे.

वेलणकर प्रामाणिक आहे. तो गुंड पकडतो आणि एका फोनवर ते सुटतात. जोखमीची कामगिरी हा करतो, श्रेय दुसऱ्याच्या नावावर पडतं. बाप स्वतः पोलिसात होता, त्याने मुलाला या नोकरीत ढकललेलं. आत साठत गेलेला राग एका रात्री कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघतो आणि तो चोर मरतो. थिएटरात तेव्हा शिट्टी नव्हती. काकांनी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. सिनेमा संपेपर्यंत ती सोडली नाही.

परतीच्या लोकलमध्ये वसईची खाडी येईपर्यंत ते गप्प. भाईंदरचा पूल सुरू झाला तसे म्हणाले, "पोरगा चांगला होता. पण त्याला कुणी लिहायला शिकवलं नाही."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. ते कित्येक वर्षं ठाण्यात रायटर होते. म्हणजे फिर्याद उतरवून घ्यायची, पंचनामा लिहायचा, डायरीत नोंद करायची. "वरून फोन आला, आरोपी सोडला, तर लिहायचं. किती वाजता फोन आला, कुणाचा आला, कुणाच्या हुकमाने सोडला. एवढं लिहायला सगळ्यात जास्त छाती लागते. मारायला काय, कोठडीत हात बांधलेला माणूस असतो समोर." थोडं थांबून म्हणाले, "मी लिहिलं एकदा. चौथ्या दिवशी बदली, कंट्रोल रूमला जमा झालो." ते हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. त्याचं कारण मला त्या पुलावर कळलं.

पुढे कळलं की पडद्यावरचा हा प्रामाणिक पोलीस सगळीकडेच होता. बंगालीत १९८४ साली अंजन चौधरींचा 'शत्रू' आला. रंजित मल्लिक त्यात कडक, स्वच्छ पोलीस अधिकारी होते. लोकांनी तो इतका उचलून धरला की दोन वर्षांत राजेश खन्नाला घेऊन तो हिंदीत आला. त्याही आधी, 'जंजीर'च्याच वर्षी, अमेरिकेत 'सर्पिको' निघाला होता, लाच न खाणाऱ्या न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या पोलिसावर. माणूस कुठलाही असो, रात्री दार वाजलं तर बाहेर उभा असलेला वर्दीवाला आपल्या बाजूचा असावा, ही त्याची आस सारखीच असते.

आमच्याकडे ती आस फार तीव्र झाली, कारण तेच दिवस वसई तालुक्याच्या जमिनींचे होते. वाड्यांना भाव आला आणि भावाबरोबर भीती आली. १९९० साली इथे सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं हिरव्या वसईसाठी उभी राहिली. गावात संध्याकाळी दारं लवकर लागू लागली. कुणाची वाडी कशी गेली हे लोक हळू आवाजात बोलत. अशा वेळी व्हिडिओवर कुठलाही पोलिसपट लागला आणि नायकाने गुंडाला भिंतीवर आपटलं, की आमच्या ओसरीवरची म्हातारी माणसंसुद्धा सुस्कारा सोडायची. मला त्या सुस्काऱ्याबद्दल आजही आदर आहे. ज्याला न्याय मिळत नाही त्याला निदान दिसावा तरी.

त्याच काळात आमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. ज्या ठाण्यात गेलो तिथे साधा अर्ज ठेवून घेतला आणि "बघू" म्हणाले. मी संतापून घरी आलो. काका तेव्हा निवृत्त होते. त्यांनी चष्मा लावला, ताव घेतला आणि मला प्रश्न विचारत गेले. मोटर शेवटची कधी चालू केली? कुणी पाहिली? किती अश्वशक्तीची, कोणत्या रंगाची, पाइप कापला की खोलला? अर्ध्या तासात माझ्या संतापाची फिर्याद झाली. तारीख, वेळ, जागा, चतुःसीमा. विशेषण एकही नाही. ती घेऊन गेलो तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. मोटर मिळाली नाही. पण आमचं काहीतरी चोरीला गेलं होतं हे सरकारदरबारी खरं ठरलं, आणि तेवढ्यानेही माणूस ताठ चालतो हे मी अनुभवलं.

२००४ साली 'अब तक छप्पन' आला. नाना पाटेकरांच्या इन्स्पेक्टरचं नाव साधू आगाशे. त्या आडनावात आमचं गाव ऐकू येतं, म्हणून मी मुद्दाम गेलो. नानांचं काम अस्सल आहे. पण चकमकींचा आकडा वाढेल तशा टाळ्या वाढत होत्या आणि माझे हात मांडीवरच राहिले. मला कोठडीतला तो चोर आठवत होता. मारलेल्या माणसाचा जबाब कुणी घ्यायचा?

बंगालने आपल्याला 'शत्रू'हून मोठी एक गोष्ट दिली आहे, ती पडद्यावर कधी आली नाही. पश्चिम बंगालच्या कायदेविषयक सेवा संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. नुसतं पत्र. त्याचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. अटक करताना जागेवरच कागद करायचा, त्यावर वेळ-तारीख घालायची, साक्षीदाराची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, डायरीत नोंद करायची, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. मी हे काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे लिहायचंच की." पुढे २००६ मध्ये प्रकाश सिंग या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर न्यायालयाने ठाण्याच्या प्रमुखालाही निदान दोन वर्षं हलवू नये असं सांगितलं. ते ऐकायला काका नव्हते. चौथ्या दिवशी झालेली त्यांची बदली मला तेव्हा फार आठवली.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र. गिरगाव चौपाटीला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. हातात त्यांच्या फक्त काठी होती. म्हणून कसाब जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून खटला चालला, साक्षी झाल्या, कट कुठे शिजला ते कागदावर आलं. ओंबळेंना अशोकचक्र मिळालं. पडद्यावरचे माझे सगळे इन्स्पेक्टर त्या रात्री बाजूला सरले. मारायला नव्हे, पकडायला पुढे गेलेला तो हात मला काकांच्या हातासारखा वाटला.

आता आमचा जिल्हा पालघर आहे, आणि ऑक्टोबर २०२० पासून आम्ही मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहोत. केळीची वाडी होती तिथे इमारत आहे. काकांचं बक्कल त्यांच्या मुलीने देव्हाऱ्याशेजारी ठेवलंय. तिची मुलगी, म्हणजे काकांची नात, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मी तिच्याबरोबर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जातो. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. ओल्या वाळूवर आम्ही अंतर मोजून दोन काठ्या रोवल्यात. ती धावते, मी घड्याळ धरतो आणि वहीत वेळ लिहितो.

परवा भरतीचं पाणी चढलेलं, वाळू भुसभुशीत. ती काठीपर्यंत आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. वेळ आदल्या दिवसाहून पाच सेकंद जास्त होता. तिचा चेहरा पाहून मी पेन थोडं रेंगाळवलं. कालचाच आकडा लिहावा, पोरीला धीर येईल, असं मनात येऊन गेलं. तिने मान वर केली. दम लागलेला होता, शब्द तुटत होते.

"आजोबा, आला तोच लिहा."

मी तोच लिहिला.