बारव्वा

“जातीचं आहे का हो?” गेल्या पावसाळ्यातल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, त्याची गणतीच नाही. पुढचा प्रश्न ठरलेला, “भुंकतं ना चांगलं?” आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, “कुत्रा आहे की कुत्री?”

तिन्ही उत्तरे आमच्या विरुद्धच. ती गावठी, ती कुत्री, आणि भुंकण्याचे तर नावच नको!

बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर ती भिजत बसली होती. गळ्यावरचे केस पट्ट्याने झिजलेले, म्हणजे कुणीतरी पाळून सोडलेली. मुलीने “यू यू” केले, बिस्कीट दाखवले, पण ती ढिम्म हलेना. तेवढ्यात आमच्या शेजारच्या अक्का आल्या आणि सहज म्हणाल्या, “बारव्वा, बा!” लगेच शेपटी हलली आणि बाईसाहेब अक्कांच्या मागोमाग निघाल्या. माहेर कानडी निघाले! तेव्हापासून नावच पडले बारव्वा.

आमचे घर भाड्याचे. घरमालकांनी दोन महिन्यांची मुदत दिली. डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस टोचली, नसबंदीचे ऑपरेशन करून घेतले आणि घर शोधायला लागले.

“होती तिथेच सोडा की,” असे अनेकांनी सुचवले. रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदी आणि लसीनंतर त्यांच्याच भागात सोडावे, असे २०२३ च्या नियमांत सांगितलेले आहे, हे खरे. पण गल्लीतल्या कुत्र्याला स्वतःची गल्ली असते. घरातून टाकलेल्याला ती कुठली? तिथली टोळी त्याला उभे राहू देत नाही.

एकाने विचारले, “मुधोळ असेल तर द्या.” मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ही जात २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकली, २०१६ मध्ये मेरठला लष्कराकडे प्रशिक्षणाला गेली. आपल्या भागाचे नाव झाले, अभिमान वाटतोच. पण बारव्वाला तिकीट कोण देणार?

मुदत संपत आली तशी मी घाई केली. एका शेतकऱ्याला “राखणीला चालेल” असे सांगून तिला देऊन टाकले. आठवड्याने पाहायला गेले, तर हातभर साखळीने चिखलात बांधलेली. “भुंकतच नाही, काय उपयोग?” ते म्हणाले. त्यांना काय बोलणार? खोटे तर मी बोलले होते. मान खाली घालून तिला परत आणले.

मग ठरवले, तिचे जे उणे, तेच आधी सांगायचे. “भुंकत नाही, राखण करणार नाही, माणसाजवळ नुसती बसून राहते.” चार जणांनी फोन ठेवला. पाचवा फोन निपाणीचा होता. “आम्हाला न भुंकणारीच हवी. आजी अंथरुणाला खिळून आहेत, मोठ्या आवाजाने दचकतात.”

तवंदी घाट उतरेपर्यंत तिचे डोके माझ्या मांडीवर होते. घरी गेल्यावर मी सूनबाईंना स्पष्टच सांगितले, “पंधरा दिवस ठेवून बघा. नाही जमलं तर मी न्यायला येईन, पण रस्त्यावर सोडू नका.” बारव्वा उंबऱ्यातच थबकली होती. आजी मूळच्या चिक्कोडीकडच्या. नातवंडे मराठीत बोलतात, त्यांची मात्र कानडीच. खाटेवरून त्यांनी विचारले, “यारव्वा नीनु?” बारव्वाने कान टवकारले, आत गेली आणि खाटेखाली अंग टाकले.

कुत्रा हवा असलेली माणसे पुष्कळ भेटतात. पण जनावराचा जो स्वभाव आहे, तोच ज्या घराला हवा आहे, ते घर शोधावे लागते. आणि ते खरे बोलल्याशिवाय सापडत नाही, एवढे मी शिकले.

पंधराव्या दिवशी मीच धडधडत्या छातीने फोन केला, “न्यायला येऊ का?”

सूनबाई हसल्या. “आजी विचारतायत, तुमचं तिच्याकडे काय काम आहे?”