पाठमोरं बसताना

पहाटे मैदानावर पाणी मारलं की मातीचा जो वास उठतो, तो माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. २२ वर्षं मी कॉलेजच्या मुलींना खो-खो शिकवला. फक्कीनं पांढऱ्या झालेल्या हातांनी घरी येऊन पोळ्या लाटल्या. "यात पीठ कुठलं आणि फक्की कुठली?" सासूबाई विचारायच्या. त्यांचा तेवढा एकच विनोद.

लेक उभी राहायला शिकली तीसुद्धा मैदानातल्या खांबाला धरून. पुढे तिची उंची आम्ही त्यालाच लावून मोजायचो. खांब १२० सेंटिमीटरांचा. तिसरीत तिनं त्याला मागं टाकलं. तिच्या त्या वर्षीच्या गॅदरिंगला मी नव्हते, संघ घेऊन परगावी होते. ती विसरली म्हणते.

आता मी विद्यापीठात अधिष्ठाता आहे. २०१६च्या कायद्यानंतर विद्याशाखा चार झाल्या, शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय अभ्यासात आलं आणि शिट्टीवालीला ही खुर्ची मिळाली. खुर्ची गोल फिरते. मी मात्र जागची हलत नाही, हे पहिल्या आठवड्यात फार झोंबलं.

खरं तर खो-खोत नऊपैकी आठ जणी बसलेल्याच असतात. लोक पळणारीकडे बघतात. माझे निम्मे सराव बसायला शिकवण्यात गेले. टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली, कान मागे. खोच्या आधी उठलीस तर फाउल. एकीचं तोंड पूर्वेला, शेजारणीचं पश्चिमेला. पाठलाग करणारीनं दिशा धरली की मागे वळायचं नाही. बचाव करणारी मात्र मध्यपाटी ओलांडून वाटेल तिकडे सटकते.

फाइलही अशीच सटकते. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीची एक फाइल महिनाभर या टेबलावरून त्या टेबलावर पळत होती. सवयीनं मीच मागे धावले. जिने चढले, तीन विभाग पालथे घातले, हाती काही नाही. रात्री अंथरुणात लक्षात आलं, आपण कुणाला खोच दिला नाही! सकाळी कक्ष अधिकाऱ्यांना म्हटलं, "हे तुम्ही बघा." त्यांना तिच्या सगळ्या वाटा ठाऊक होत्या. चौथ्या दिवशी ती सहीला आली.

घरी नवरा आणि मी शेजारशेजारच्या चौरसांत, तोंडं दोन दिशांना. तो बँकेत, मी पहाटे मैदानावर जायचे तेव्हा डबे त्यानंच भरले. त्या वर्षांत आम्ही एकमेकांना पाहिलं कमी, खो मात्र वेळेवर दिले. एखादा चुकलाही. त्याचं भांडण अजून अधूनमधून निघतं.

काल रात्री मेथी निवडत बसले होते. बैठकीचं इतिवृत्त अजून वाचायचं होतं. पाठीवर हात पडला. "खो," लेक पुटपुटली. मी उठले, ती माझ्या जागी बसली आणि जुडी पुढ्यात ओढली.

"आवाज मोठा काढ," मी म्हटलं. "पंचांना ऐकू जायला हवा."